धारप रद्दीत घालण्याआधी: वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

देवघेव विभागाच्या खिडकीशेजारी लावलेली आपली सूचना वाचली. वाङ्मयीन मूल्य नसलेली, जीर्ण आणि मागणी नसलेली पुस्तकं निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून बाद करून, भयकथा-रहस्यकथा विभाग बंद करण्यात येत आहे, आणि मोकळ्या होणाऱ्या जागेत अभ्यासिका वाढवण्यात येईल, असं तीत म्हटलं आहे. सोबत यादी नाही. मागितली तेव्हा कार्यालयातून तोंडी सांगण्यात आलं की भयकथाकार नारायण धारपांची सगळी, रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांची उरलीसुरली, आणि ज्यांची मुखपृष्ठं गेली आहेत ती. रत्नाकर मतकरी राहणार आहेत, कारण ते 'साहित्यिक' आहेत.

मी लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे खुलं पत्र. वाचनालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुंबईतल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात उद्या हेच घडेल, काही ठिकाणी घडूनही गेलं असेल.

मी आपली आजीव सभासद. नोकरी महापालिकेच्या एका रुग्णालयात, परिचारिका म्हणून, आता निवृत्त. नाइट ड्यूटीच्या पिशवीत डबा, शाल आणि आपल्या वाचनालयाचा शिक्का असलेलं धारपांचं पुस्तक एवढं असायचंच. रात्री दोनच्या पुढे सलाइनं बदलून झालेली, टेंपरेचर लिहून झालेलं, कोपऱ्यातला एखादा पेशंट कण्हतोय. अशा वेळी झोप उडवायला चहापेक्षा धारप बरे. ड्यूटीवर वाचायला अर्थातच मनाई होती. मेट्रनबाईंना सगळं माहीत होतं, आणि त्याही पुस्तक मागून न्यायच्या. तिथून ते आयामावशींकडे जायचं, त्यांच्याकडून लिफ्टमनकडे. आमच्या एका वॉर्डबॉयकडे शवागाराच्या चाव्या असत. रात्री-अपरात्री बॉडी खाली न्यायला त्यांनी कधी का-कू केली नाही. धारप मात्र ते फक्त दुपारी वाचत. एवढी फेरी मारून पुस्तक परत यायला उशीर व्हायचा आणि दंड मी भरायची. 'मागणी नाही' असं लिहिण्याआधी त्या पावत्याही एकदा बघायला हव्या होत्या.

आम्ही ही पुस्तकं का वाचायचो? भीती वाटावी म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. वॉर्डात मरण येतं त्याला ना नियम ना न्याय. चार दिवसांत घरी जाणारा पहाटे जातो, आणि ज्याच्या नातेवाइकांना रात्री बोलावून घेतलेलं असतं तो सकाळी उठून चहा मागतो. धारपांच्या जगात दुष्ट शक्ती कितीही मोठी असो, तिला नियम असतात. ती कशाने बांधलेली होती, कोणाच्या हावेपायी सुटली, कुठवर येऊ शकते आणि कशाने थांबते, हे कुणीतरी चिकाटीने शोधून काढतं. आणि ते नियम माहीत असलेला एक माणूस येतो. कधी समर्थ, कधी जयदेव, कधी कृष्णचंद्र, कधी पंत. समर्थ दारात आले की आमचे खांदे सैल पडायचे; पुढे आणखी दोन बळी जाणार असले तरी. मोठे डॉक्टर राउंडला आले की पेशंटच्या बायकोचे पडतात, तसे. हे समाधान देणाऱ्या लेखनाला मूल्य नाही असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग मूल्य मोजणारा माणूस कधीतरी रात्रपाळीला पाठवा.

सूचनेत धारपांचं नावसुद्धा नाही, म्हणून थोडं त्यांच्याबद्दल. नारायण गोपाळ धारप, जन्म २७ ऑगस्ट १९२५, निधन १८ ऑगस्ट २००८. माणूस पुण्याचा, शिक्षण विज्ञानाचं. पुस्तकं शंभरावर. भयकथेने नाव झालं, पण विज्ञानकथा लिहिल्या, सामाजिक कादंबऱ्याही लिहिल्या. विज्ञानाची बैठक भयकथेत जाणवते. त्यांची भुतं पुष्कळदा आपल्या ओळखीची भुतं नसतातच. दुसऱ्या मितीतून आत शिरू पाहणारं काहीतरी असतं, आणि नेमक्या त्या जागी आपल्या जगाची भिंत पातळ झालेली असते. पात्रं मात्र तुमच्याआमच्यातली: बदली होऊन आलेला गृहस्थ, त्याची बायको, मुलं, स्वस्तात मिळालेलं घर. घाबरवण्याची घाई नाही. सुरुवातीची पानं घरमालकाची, किल्लीची, बंद असलेल्या एका खोलीची. (मुंबईत भाड्याचं घर शोधलेल्या माणसाला तेवढ्यानेच धडकी भरते, पुढे भूत आलं नाही तरी चालतं.) वाक्यं साधी, अलंकार जवळजवळ नाहीत, आणि पान उलटल्याशिवाय राहवत नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या आयामावशी ज्या वेगाने ती वाचायच्या, त्या वेगाने त्यांनी दुसरं काही वाचलेलं मी पाहिलं नाही.

२०१८ साली आलेल्या 'तुंबाड' चित्रपटाच्या मुळाशी धारपांची कथा आहे, हे त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीच सांगितलेलं आहे. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला तेव्हा तरुण पोरांनी थिएटरं भरली. त्यातली काही तरी आपल्या अभ्यासिकेत बसत असतील. यामागचा लेखक आपल्याच डोक्यावर, माळ्यावरच्या खोक्यात आहे, हे त्यांना सांगायचं कुणी?

२७ ऑगस्ट २०२५ रोजी धारपांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्या दिवशी आपल्याकडे दर्शनी कपाटात त्यांचं एक पुस्तक लावलं गेलं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण रांगोळी काढली होती, पेढे वाटले होते. पेढा मीही घेतला. दर्जाचा आनंद आणि धारपांचं खोकं या दोन गोष्टी एकाच छताखाली नांदतात, हे मला पटत नाही.

आता तक्रारी.

'मागणी नाही' हे पहिलं कारण. ही मागणी संपली कशी, ते बघा. संगणकीकरण झालं तेव्हा या विभागाचे दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तकांचे नोंदवहीतले क्रमांक, चढवायचे राहून गेले. आता नाव टाकून शोधलं की 'उपलब्ध नाही' असं येतं. मग पुस्तकं खोक्यांत भरून माळ्यावर गेली. माळ्याला शिडी, शिडी शिपाईमामांकडे, आणि मामा दुपारी बँकेच्या कामाला. नवा सभासद धारप मागायला येतो, 'नाही' ऐकतो, निघून जातो. वर्षअखेरीस देवघेवीचे आकडे निघतात आणि विभागाची मागणी शून्य दिसते. यात ग्रंथपालबाईंचा दोष नाही. एकटी बाई किती टेबलं सांभाळणार? पण या शून्यावर मंडळाने निर्णय घ्यावा, हे गैर आहे.

दुसरं कारण मला सांगण्यात आलं ते असं की नव्या आवृत्त्या बाजारात मिळतात. मिळतात, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. साकेत प्रकाशनाने धारपांची बरीच पुस्तकं नव्याने काढली आहेत. पण आपल्या माळ्यावरचं प्रत्येक पुस्तक आज दुकानात मिळतं का, हे कुणी ताडून पाहिलं? आणि इथेच मूळ मुद्दा आहे, जो आपल्या लक्षात आलेला दिसत नाही. ही पुस्तकं घराघरांत साठवली गेलेलीच नाहीत. त्या काळच्या लोकप्रिय कथा-कादंबऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे वाचनालयं. गिरगाव, दादर, परळ, पार्ले, डोंबिवली इथली सार्वजनिक वाचनालयं आणि गल्लोगल्लीच्या खासगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या. वाचक पुस्तक विकत घेत नसे, बदलून नेत असे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, तिथे पुस्तकांचं कपाट कुठे उभं करणार? त्या खासगी लायब्रऱ्या बहुतेक बंद झाल्या. त्यांच्या गाळ्यांत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हणजे जुन्या छापाच्या प्रती उरल्या असतील तर आपल्यासारख्यांच्या माळ्यावर. आपण त्या काढल्या की त्यांचा माग लागणं अवघड आहे.

अर्नाळकरांकडे बघा. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारा हा लेखक. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांची नावं अजून जुन्या मंडळींच्या तोंडी आहेत. पुस्तकं कुठे आहेत? मुंबईत कुणाकडे सलग संच असेल तर मला दर्शनाला जायचं आहे. ती काही एका दिवसात गेली नाहीत. जागा हवी, मूल्य नाही, मुखपृष्ठ फाटलंय, असं म्हणत म्हणत किलोवर गेली.

सरकारकडे प्रत असतेच, असंही कार्यालयात कुणीतरी म्हणालं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते, हे खरं आहे. छोट्या प्रकाशकांनी प्रत्येक पुस्तकाची पाठवलीच, असं छातीठोकपणे कोण सांगेल? आणि पाठवली असली तरी रात्रपाळीच्या बाईला ती पिशवीत घालून नेता येत नाही. ते काम आपलं आहे. शासनमान्य सार्वजनिक वाचनालय म्हणून अनुदान मिळतं ते यासाठीच.

तिसरा आक्षेप आपल्यातल्या एका सदस्यांनी मला जिन्यात ऐकवला: धारप म्हणजे स्टीफन किंगची नक्कल. उत्तर देते. धारपांच्या 'लुचाई'मागे या अमेरिकी भयकथाकाराची, किंगची, १९७५ ची 'सालेम्स लॉट' आहे, 'शपथ'मागे 'इट' आहे, हे धारपांचे चाहतेच वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. हे ऋण पुस्तकावर ठळक छापलेलं असायला हवं, असं माझंही मत आहे. नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. पण उसनं कथानक हे पुस्तक फेकायचं कारण कधीपासून झालं? देवलांचं 'झुंजारराव' शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'वरून आलं. ते आपल्या नाटक विभागात काचेच्या कपाटात आहे, आणि असायलाच हवं. तिथे आपण रूपांतर म्हणतो आणि इथे नक्कल. शिवाय शंभरावर पुस्तकांपैकी दोन-चारांचा हिशेब सगळ्यांच्या माथी मारता येत नाही. समर्थांचं वागणं-बोलणं, त्यांचा धीर, त्यांची शिस्त हे मला तरी अस्सल इथलंच वाटतं.

चौथा आक्षेप अंधश्रद्धेचा. तो मी गंभीरपणे घेते, कारण त्याचे परिणाम मी खाटेवर पाहिले आहेत. तापाने फणफणलेलं मूल आधी अंगारे-धुपारे करून, मग कुणाकडे तरी उतरवून, शेवटी आमच्याकडे आणणारे आईबाप पाहिले. कावीळ उतरवून घेतलेले पाहिले. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा आम्ही परिचारिकांनी सुटकेचा श्वास सोडला होता. पण त्या आईबापांतलं कुणीही धारप वाचून तिकडे गेलेलं नव्हतं. बहुतेकांच्या घरात पुस्तकच नव्हतं. कादंबरीतल्या मंत्राने ताप उतरत नाही, हे कादंबरी वाचणाऱ्याला कळतं. माझा धारपांवर राग आहे तो वेगळ्याच गोष्टीसाठी. बऱ्याच कथांत बाई येते ती पछाडली जाण्यापुरती, नाहीतर चहा ठेवण्यापुरती. सगळी विद्या, सगळे उपाय पुरुषांकडे. यावर परिसंवाद ठेवा, मी पहिल्या रांगेत बसून बोलेन. त्यासाठी पुस्तक आधी कपाटात लागतं.

मतकरींबद्दल एकच. ते राहणार याचा मला आनंद आहे. बँकेतली नोकरी सांभाळून या माणसाने मुंबईच्या चाळी आणि ब्लॉकमधली गूढकथा लिहिली, मुलांसाठी नाटकं केली. २०२० च्या मे महिन्यात करोनाने त्यांना नेलं तेव्हा फार वाईट वाटलं. पण नाटकाचा दबदबा आणि बालसाहित्याचा अकादमी पुरस्कार पाठीशी आहे म्हणून त्यांची भुतं दिवाणखान्यात, आणि धारपांची माळ्यावर, हा न्याय खुद्द मतकरींनाही आवडला नसता असं मला वाटतं.

अभ्यासिकेला माझा विरोध नाही. चाळीतल्या पोराला रात्री दिवा लावून बसायला जागा नसते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण माळ्यावर अभ्यासिका होणार नाही. तिथे ताठ उभंही राहता येत नाही. आणि खाली आपलं सभागृह आहे, जे साड्यांच्या सेलला आणि प्रदर्शनांना भाड्याने जातं. उत्पन्न लागतं, मान्य. मग आठवड्यातले काही दिवस मुलांना द्या. धारपांची खोकी हलवून त्या मुलांना एकही खुर्ची मिळणार नाही.

मागण्या अशा:

१. बाद करायच्या पुस्तकांची यादी फलकावर लावा. लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, साल, दाखल क्रमांक. सभासदांना हरकत घ्यायला महिनाभराची मुदत द्या आणि तोवर एकही पुस्तक इमारतीबाहेर जाऊ देऊ नका.

२. विभाग बंद करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आणा. हा विभाग सभासदांच्या वर्गणीतून उभा राहिला आहे.

३. या पुस्तकांच्या नोंदी संगणकात चढवा, खालच्या मजल्यावर त्यांना एक कपाट द्या, आणि वर्षभराने मागणी मोजा. तेव्हा शून्य आली तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

४. ज्या आवृत्त्या आज कुठेच मिळत नाहीत, त्या स्कॅन करून जपा. धारपांच्या लेखनाचे हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षं, म्हणजे २०६८ संपेपर्यंत राहतात, त्यामुळे ती पुस्तकं आपण सगळ्यांसाठी खुली करून टाकावीत असं मी म्हणत नाही. पण प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवता येते. बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या, ग्रंथालयात वापरायला, तीन प्रती करायचीही मुभा आहे. मंडळावर वकील आहेत, त्यांनी कलम डोळ्यांखालून घालावं.

५. एखादं पुस्तक खरोखरच वाळवीने खाल्लं असेल आणि काढावंच लागलं, तरी रद्दीवाल्याला फोन करण्याआधी इतर वाचनालयांना, महाविद्यालयांच्या मराठी विभागांना आणि संग्राहकांना विचारा.

६. जन्मशताब्दीचा एक कार्यक्रम, उशिरा का होईना, करा. हार-तुरे नकोत, पाहुणेही नकोत. सभासदांनी आपापल्या आवडीची पानं वाचून दाखवावीत. चहाचा खर्च आम्ही करू.

नुसत्या मागण्या करून घरी बसणार नाही. माळ्यावर चढायला माझे गुडघे तयार नाहीत, पण खोकी कुणी खाली उतरवून दिली तर पुस्तकं झटकणं, दाखल क्रमांक वाचून दाखवणं, फाटक्या पानांना जपानी कागद लावणं हे मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या मैत्रिणी करू. आम्हाला मास्क लावून, हातमोजे घालून, तासन् तास उभं राहून काम करायची सवय आहे. मोबदला नको.

या पत्राची प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पाठवत आहे. सभासदांच्या सह्यांचा कागद संध्याकाळच्या वेळी वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी माझ्याकडे मिळेल. सही करताना आपला सभासद क्रमांकही लिहावा, म्हणजे ती कार्यालयाला नाकारता येणार नाही. मंडळातल्या कुणाला सही करावीशी वाटली तर त्यांच्यासाठी पहिली ओळ कोरी ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक आजीव सभासद
(निवृत्त परिचारिका, मुंबई)